विश्लेषण : ‘स्टार ट्रेक’मधला हॉकिंग यांचा पत्त्यांचा डाव आणि औंढ्याची ‘लायगो’… काय आहे संबंध?

न्यूटन, आइनस्टाइन आणि स्टीफन हॉकिंग एका टेबलाभोवती पत्ते खेळत आहेत. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञान मालिकेतील हे दृश्य १९९३ मध्ये प्रसारित झाले आणि मालिकेच्या चाहत्यांमध्ये आजही त्याची चर्चा होते. दृश्य गमतीचे असले तरी टेबलावरचे तिघेही गुरुत्वाकर्षणाचे अभ्यासक. त्यांपैकी हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलेला एक सिद्धान्त २०२५ मध्ये आजवरच्या सर्वांत कडक कसोटीला उतरला. ही कसोटी ज्या ‘लायगो’ यंत्रणेने घेतली, तिचीच भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहत आहे. त्या भागाच्या पडद्यामागे काय घडले आणि हिंगोलीच्या वेधशाळेचे त्यात काय काम, याचा आढावा.

हा भाग नेमका कोणता?

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग ‘डिसेंट’ या नावाने २१ जून १९९३ रोजी अमेरिकेत प्रसारित झाला. त्याची सुरुवातच पत्त्यांच्या डावाने होते. अंतराळयानावर ‘होलोडेक’ नावाची एक खोली आहे. तिथे संगणक हवे ते दृश्य आणि हवी ती माणसे हुबेहूब उभी करतो. डेटा नावाचा यंत्रमानव तिथे तीन शास्त्रज्ञ निर्माण करतो आणि त्यांच्याबरोबर पोकर खेळतो. न्यूटन यांची भूमिका जॉन नेव्हिल यांनी, आइनस्टाइन यांची जिम नॉर्टन यांनी आणि डेटाची ब्रेंट स्पायनर यांनी केली. हॉकिंग मात्र खुद्द हॉकिंगच होते. ‘स्टार ट्रेक’मध्ये स्वत:चीच भूमिका करणारे ते पहिले. याच पर्वात अंतराळवीर मे जेमिसन यांनीही एका भागात काम केले होते, पण ती भूमिका काल्पनिक अधिकाऱ्याची होती.

हॉकिंग मालिकेत आले कसे?

हॉकिंग यांच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ या गाजलेल्या पुस्तकाच्या नावानेच एरॉल मॉरिस यांनी माहितीपट केला होता. त्याच्या व्हिडीओ आवृत्तीच्या प्रकाशनासाठी हॉकिंग पॅरामाउंट स्टुडिओत आले. त्या कार्यक्रमात मूळ मालिकेतील ‘स्पॉक’ म्हणजे अभिनेते लेनर्ड निमॉय होते. हॉकिंग ‘स्टार ट्रेक’चे चाहते आहेत आणि त्यांना मालिकेत काम करायला आवडेल, हे निमॉय यांना कळले. त्यांनी ते निर्माते रिक बर्मन यांच्या कानावर घातले आणि लेखक रोनाल्ड मूर यांनी खास हॉकिंग यांच्यासाठी हे दृश्य लिहिले. उरलेल्या कथेशी त्याचा फारसा संबंध नाही. डाव रंगात असतानाच यानावर धोक्याचा भोंगा वाजतो आणि दृश्य संपते.

सेट पाहताना हॉकिंग यांनी आपल्याला चाकाच्या खुर्चीतून उचलून कप्तानाच्या खुर्चीत बसवावे, अशी विनंती केली. यानाला प्रकाशापेक्षा जास्त वेग देणारे काल्पनिक ‘वॉर्प’ इंजिन पाहून, यावर माझे काम चालू आहे, असा शेराही त्यांनी मारला. दृश्यात ऐकू येणारा आवाज त्यांच्या नेहमीच्या वाचायंत्राचाच आहे. पुढच्याच वर्षी मिगेल अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने ‘वॉर्प’ प्रवास आइनस्टाइन यांच्या समीकरणांत कसा बसू शकेल, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यामागे याच मालिकेची प्रेरणा होती.

विनोदामागचे विज्ञान काय?

दृश्याच्या सुरुवातीला हॉकिंग एक विनोद सांगतात. त्यातील शेवटचे वाक्य बुध ग्रहाच्या कक्षेबद्दल आहे. आइनस्टाइन हसतात, न्यूटन हसत नाहीत. याला कारण आहे. बुधाच्या कक्षेतील सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकतो. न्यूटन यांच्या नियमांनी हिशेब केला की शतकामागे ४३ विकला, म्हणजे अंशाच्या जेमतेम ८४ व्या भागाएवढा फरक शिल्लक राहत होता. तो १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धान्ताने सुटला. म्हणजे विनोद थेट न्यूटन यांच्यावर आहे.

डेटा विनोद समजावून सांगू लागताच न्यूटन चिडतात आणि डोक्यावर पडलेल्या सफरचंदाची गोष्ट काढतात. ती दंतकथा मानली जाते, असे डेटा त्यांना सुनावतो. प्रत्यक्षात बागेत सफरचंद पडताना पाहून विचार सुचल्याचे न्यूटन यांनी उतारवयात विल्यम स्टुकली यांना सांगितले होते. ते डोक्यावर पडले, ही भर नंतरची.

डावाच्या शेवटी आइनस्टाइन हॉकिंग यांना बजावतात की, अनिश्चिततेचे तत्त्व आता तुमच्या मदतीला येणार नाही. पुंजभौतिकातील यदृच्छा आइनस्टाइन यांना आयुष्यभर पटली नव्हती. उलट कृष्णविवरांतून मंद प्रारण बाहेर पडते हे हॉकिंग यांचे गाजलेले संशोधन पुंजभौतिकावरच उभे आहे. हॉकिंग एकाच किमतीची चार पाने दाखवतात आणि डाव जिंकतात.

आणखी एक धागा केंब्रिजचा. न्यूटन ज्या ‘ल्युकेशियन’ प्राध्यापकपदावर होते, त्याच पदावर हॉकिंग १९७९ ते २००९ या काळात होते. मालिकेच्या १९९४ मधील अखेरच्या भागात भविष्यातील डेटा हाच त्या पदावर दाखवला आहे.

केंब्रिजच्या या धाग्यात मराठी माणूस कुठे?

हॉकिंग १९६२ मध्ये केंब्रिजला गेले ते फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन करण्याच्या इच्छेने. त्यांना मार्गदर्शक मिळाले डेनिस शियामा. त्या वेळी हॉइल यांच्याकडे जयंत नारळीकर संशोधन करत होते. गुरुत्वाकर्षणाचा ‘हॉइल-नारळीकर सिद्धान्त’ त्याच काळातला. त्यातील गणिते हॉकिंग यांनी नारळीकरांकडून समजून घेतली. जून १९६४ मध्ये रॉयल सोसायटीत हॉइल यांचे व्याख्यान झाले, तेव्हा तरुण हॉकिंग उभे राहिले आणि यातील एक राशी अनंत होते, असा आक्षेप त्यांनी भर सभेत घेतला. हॉइल संतापले. हॉकिंग यांचे नाव विज्ञानजगतात चर्चेत येण्याची ती सुरुवात होती.

याच हॉइल यांनी जॉन इलियट यांच्यासह बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची विज्ञान मालिका लिहिली होती. ती १९६१ मध्ये प्रसारित झाली. ज्युली ख्रिस्ती यांना तिच्यातून पहिली मोठी भूमिका मिळाली. त्या काळी प्रसारणानंतर चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे या मालिकेचा आज फक्त सहावा भाग संपूर्ण उपलब्ध आहे.

गुरूप्रमाणे नारळीकरही विज्ञानकथेकडे वळले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की हे नाव तयार होते. परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये, हा उद्देश. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. तिचे नाव होते ‘कृष्णविवर’. पुढे १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. हिंगोलीच्या प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी ती एक आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले.

हॉकिंग यांचा सिद्धान्त काय होता?

कृष्णविवराभोवती एक सीमा असते. ती ओलांडली की प्रकाशही परत येऊ शकत नाही. तिला घटना क्षितिज म्हणतात. दोन कृष्णविवरे एकत्र आली तर तयार होणाऱ्या नव्या विवराच्या क्षितिजाचे क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कधीही कमी होणार नाही, असे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये गणिताने दाखवले.

वरवर पाहता हे साधे वाटते, पण यात एक पेच आहे. टक्कर होताना प्रचंड ऊर्जा बाहेर फेकली जाते, त्यामुळे नव्या विवराचे वस्तुमान बेरजेपेक्षा कमी भरते. मग क्षेत्रफळ वाढणार कसे? उत्तर वर्गात आहे. विवर फिरत नसेल तर त्याचे क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वस्तुमान ३ असलेली दोन विवरे घेतली तर वर्गांची बेरीज ९ अधिक ९ म्हणजे १८ होते. दोन्ही मिळून समजा ५ एवढेच वस्तुमान उरले, तरी त्याचा वर्ग २५ होतो. विवराच्या फिरण्याने क्षेत्रफळ घटते. तरीही ते बेरजेखाली जाणार नाही, हा हॉकिंग यांचा दावा.

‘स्टार ट्रेक’चा भाग प्रसारित झाला तेव्हा हा दावा कागदावरच होता. तो तपासायचा तर दोन कृष्णविवरांची टक्कर ‘ऐकू’ शकणारे यंत्र हवे होते.

मग तो तपासला कसा?

ते यंत्र म्हणजे ‘लायगो’. चार-चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनात असलेल्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांतून आरशांवर आदळून परत येणारे लेझर किरण, अशी त्याची रचना असते. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते आणि दुसरी आकसते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असला तरी यंत्र तो टिपू शकते. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे अशा दोन वेधशाळा आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी पहिली लहर टिपली. ही बातमी समजल्यावर हॉकिंग यांनी ‘लायगो’चे एक संस्थापक किप थॉर्न यांच्याशी संपर्क साधून पहिला प्रश्न केला, तो आपला सिद्धान्त यातून तपासता येईल का, हाच.

तेव्हाचे संकेत त्यासाठी पुरेसे स्पष्ट नव्हते. हॉकिंग यांचे १४ मार्च २०१८ रोजी निधन झाले. त्याच पहिल्या लहरीचा नव्याने अभ्यास करून २०२१ मध्ये ९५ टक्के खात्रीने उत्तर मिळाले. दरम्यान यंत्रे सुधारत गेली. १४ जानेवारी २०२५ रोजी जवळपास तशीच टक्कर पुन्हा टिपली गेली, पण या वेळी संकेत कितीतरी स्वच्छ होता. सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टकरीपूर्वी दोन्ही विवरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते आणि नंतर ते सुमारे ४ लाख झाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा लहान, नंतर बरेच मोठे. खात्री ९९.९९९ टक्के.

या मोजणीत भारतीय संशोधनाचाही वाटा आहे. टकरीनंतर नवे विवर घंटेसारखे क्षणभर ‘घुमते’ आणि त्या नादावरून त्याचा आकार कळतो. हे घुमणे कसे असेल, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवले होते. गोंगाटातून असा संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर ‘आयुका’त संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून काम केले.

औंढ्याला वेधशाळा कशासाठी?

दोन वेधशाळांना लहर आल्याचे कळते, पण ती आकाशात कुठून आली हे नीट सांगता येत नाही. लहर प्रत्येक ठिकाणी किती मिलिसेकंद उशिरा पोहोचली यावरून दिशा ठरते. त्यामुळे वेधशाळा जितक्या जास्त आणि एकमेकींपासून जितक्या दूर, तितकी जागा अचूक. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली, तेव्हा इटलीतील ‘व्हर्गो’ या तिसऱ्या वेधशाळेच्या मदतीने आकाशाचा छोटा तुकडा निश्चित करता आला आणि काही तासांत दुर्बिणींनी ती जागा शोधली. जपानमध्ये ‘काग्रा’ आहे. भारतातील वेधशाळा या सर्वांपासून दूर असल्याने दिशा ठरवण्यात मोठी भर पडेल.

याला आता आणखी एक बाजू जोडली गेली आहे. २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने मांडलेल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ‘लायगो’चा निधी सुमारे ४० टक्क्यांनी कमी करून दोनपैकी एकच वेधशाळा चालवण्याचे सुचवले होते. एकाच यंत्रावर लहर खरी की स्थानिक हादरा, हे ठामपणे सांगणे अवघड असते. जगाची ही यंत्रणा एका देशाच्या अंदाजपत्रकावर किती अवलंबून आहे, हे त्यातून दिसले.

हिंगोलीच का? आणि भूकंपांचे काय?

अशा यंत्राला शांत जमीन लागते. समुद्राच्या लाटा, रेल्वे, अवजड वाहतूक, मोठे कारखाने, खाणी या सर्वांची कंपने त्याला त्रास देतात. देशभरातील अनेक जागा पाहिल्यानंतर औंढा तालुक्यातील जागा निवडली गेली. समुद्रापासून अंतर, सपाट माळरान आणि मोठ्या उद्योगांचा अभाव हे तिचे गुण ठरले. जी गोष्ट जिल्ह्याच्या मागासलेपणाची खूण मानली जाते, तीच इथे उपयोगी पडली.

मात्र याच जिल्ह्याने अलीकडे भूकंपाचे धक्केही अनुभवले आहेत. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या तक्रारी अनेक वर्षांपासून आहेत. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि शेजारच्या जिल्ह्यांतही ते जाणवले. किल्लारीची आठवण असलेल्या मराठवाड्यात यावरून शंका निघणे स्वाभाविक आहे.

वेधशाळेच्या दृष्टीने दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रोजच्या मोजणीसाठी महत्त्वाची असते ती जमिनीची सततची बारीक थरथर. अधूनमधून बसणाऱ्या धक्क्याने यंत्राचा मेळ काही काळ सुटतो आणि पुन्हा जुळवावा लागतो. अमेरिकेतील वेधशाळांतही दूरच्या भूकंपांमुळे हे घडते. आरसे अनेक पदरी लोलकांवर टांगलेले असतात ते मुख्यत: जमिनीच्या सततच्या थरथरीपासून वाचवण्यासाठी. पण जवळचे धक्के वारंवार बसले तर निरीक्षणाचे तास कमी होतील. त्यामुळे इमारती आणि नळ्यांचे आरेखन करताना या धक्क्यांचा हिशेब धरावाच लागेल. शिवाय घरांना तडे जाण्याची भीती असलेल्या गावकऱ्यांना धक्क्यांबाबत वेळेवर आणि समजेल अशा मराठीत माहिती मिळणे, ही वेगळी गरज आहे. ती वेधशाळेमुळे आपोआप भागणार नाही.

प्रकल्प कुठवर आला?

पहिल्या लहरीची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘लायगो-इंडिया’ला तत्त्वत: मंजुरी दिली. मार्चअखेर अमेरिकेशी करार झाला. त्यानंतर अंतिम मंजुरीला सात वर्षे लागली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २०३० पर्यंत काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट तेव्हा सांगण्यात आले. ‘आयुका’शिवाय इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय त्यात सहभागी आहेत. हॅनफर्डसाठी तयार केलेल्या आणखी एका यंत्राचे भाग भारतासाठी राखून ठेवलेले आहेत.

या सात वर्षांची किंमत विज्ञानाने मोजली. त्या काळात टिपल्या गेलेल्या टकरींच्या जागा भारताची वेधशाळा असती तर अधिक नेमक्या सांगता आल्या असत्या. आता उरलेल्या वेळेत यंत्र बसवणे, निर्वात नळ्यांची गळती तपासणे आणि अपेक्षित संवेदनशीलता गाठणे, ही कामे करायची आहेत. बांधकाम संपले म्हणजे निरीक्षण सुरू झाले, असे होत नाही.

जिल्ह्याला यातून काय मिळणार?

वेधशाळा म्हणजे कारखाना नव्हे. तिथे हजारो नोकऱ्या निघणार नाहीत. उलट यंत्राला शांतता हवी असल्याने आजूबाजूला खडी केंद्रे, खाणकाम किंवा अवजड वाहतुकीवर बंधने येणे ओघाने आले. ज्या गावांच्या शेजारी हे होणार आहे, त्यांना ही बंधने आधीच स्पष्ट सांगितली गेली पाहिजेत. लेझर, निर्वात तंत्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक या क्षेत्रांतील तंत्रज्ञांची गरज मात्र दीर्घकाळ राहील. ती जागा जिल्ह्यातील मुलांनी भरायची की बाहेरच्यांनी, हे इथल्या आयटीआय, तंत्रनिकेतन आणि विज्ञान महाविद्यालयांची तयारी आजपासून कशी होते यावर ठरेल. आज आठवीत असलेली मुलगी काही वर्षांतच पदवीचे शिक्षण घेत असेल.

हॉकिंग यांनी आयुष्यभर कृष्णविवरांचे गणित मांडले, पण ते निर्णायकपणे खरे ठरलेले पाहायला ते नव्हते. मालिकेतल्या होलोडेकवर संगणक हवे ते विश्व क्षणात उभे करतो. प्रत्यक्षात एक सिद्धान्त तपासायला ५४ वर्षे लागली आणि त्यासाठी चार किलोमीटर लांबीची नळी जमिनीवर टाकावी लागली. तशीच नळी आता औंढ्याच्या माळावर टाकायची आहे. तिथून कोणता सिद्धान्त टिकेल आणि कोणता मोडेल, हे आज सांगता येत नाही. म्हणूनच ती वेळेत पूर्ण होणे महत्त्वाचे आहे.